ऑरगॅनिक सोलर सेलमध्ये प्रकाशापासून वीजभार कसा तयार होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांतून दहावी झालेली मुलं पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतात, तेव्हा फिजिक्स एकदम इंग्रजीतून अंगावर येतं. सूत्रं पाठ होतात, पण आत काय घडतं ते विचारायची भीड पडते. खालचे बरेचसे प्रश्न अशा मुलांचे आहेत, थोडे त्यांच्या पालकांचे, आणि काही उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्या चौकस मंडळींचे. जिथे सगळेच अडतात तिथे उत्तर लांबलं आहे. बाकी ठिकाणी आटोपतं घेतलं आहे.

छपरावर दिसतात त्या पॅनेलपेक्षा हे सेल वेगळे कसे?

छपरावरची पॅनेल सिलिकॉनची असतात. ऑरगॅनिक सेलमध्ये प्रकाश शोषण्याचं काम कार्बनचे रेणू करतात. त्यांतले काही लांब साखळीचे पॉलिमर, तर काही रंगद्रव्यांच्या घराण्यातले लहान रेणू. ते द्रावकात विरघळतात, त्यामुळे त्यांची शाई करून काचेवर किंवा प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर छापता येते. प्रकाश शोषणारा थर साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे ०.१ मायक्रॉन. मशीनवर १० मायक्रॉनची टॉलरन्स सांभाळणाऱ्याला अंदाज येईल: हा अख्खा थर त्याच्याही शंभरावा हिस्सा. सिलिकॉनची चकती मात्र दीडशे मायक्रॉनच्या आसपास लागते, कारण सिलिकॉन प्रकाश शोषण्यात आळशी आहे. शोषण्याच्या बाबतीत ऑरगॅनिक रेणू कितीतरी वरचढ. त्यांचं घोडं पुढे अडतं.

प्रकाश पडल्यावर रेणूत नेमकं काय होतं?

हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरा. १२४० ला ५५० ने भागा, उत्तर २.२५ येतं. एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, एवढे इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा आहे. (नॅनोमीटरमधली तरंगलांबी फोटॉनच्या ऊर्जेत बदलणारा १२४० हा आकडा लक्षात ठेवाच, सीईटीलाही कामाला येतो.)

या रेणूंमध्ये एकाआड एक दुहेरी बंध असतात. अशा रचनेत काही इलेक्ट्रॉन एकाच बंधाला चिकटून न राहता बऱ्याच अणूंवर पसरतात. इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापातळ्यांतली सगळ्यात वरची ती होमो, रिकाम्या पातळ्यांतली सगळ्यात खालची ती ल्युमो. फोटॉनची ऊर्जा या दोघींमधल्या अंतराएवढी किंवा त्याहून जास्त असली, की इलेक्ट्रॉन होमोतून वर जातो आणि खाली रिकामी जागा राहते. तिला होल म्हणतात. होल धन भार असल्याप्रमाणे वागतं.

मग इलेक्ट्रॉन सुटला की. आता करंट यायला अडचण काय?

सुटला नाही, फक्त वर चढला. बहुतेकांची गाडी इथेच चुकीच्या रुळावर जाते, म्हणून जरा आकडेमोड करू.

वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेलं होल एकमेकांना ओढतात. किती जोराने, हे मधल्या पदार्थावर ठरतं. कूलॉम्बचा नियम पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच धड्यात आहे. त्यात छेदात डायइलेक्ट्रिक स्थिरांक येतो, म्हणजे मधला पदार्थ ही ओढ किती पट कमी करतो तो आकडा. सिलिकॉनमध्ये तो ११.७ आहे, ऑरगॅनिक पदार्थांत जेमतेम ३ ते ४. निर्वातात १ नॅनोमीटर अंतरावरच्या अशा जोडीची ओढ १.४४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. तिला ३.५ ने भागा: ०.४१. आता खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या धडपडीतून किती ऊर्जा मिळते? सुमारे ०.०२६. म्हणजे बंधन सोळा पट मजबूत. अशी जोडी आपोआप फुटण्याची आशाच नको.

सिलिकॉनमध्ये उलट. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल स्फटिकात दूरवर पसरलेले असतात, मधला पदार्थ त्यांची ओढ बोथट करतो, आणि बंधनऊर्जा ०.०१५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास उरते. खोलीतल्या उष्णतेच्या धक्क्यानेच ती जोडी मोकळी होते. सिलिकॉनमध्ये प्रकाशापासून थेट मोकळे भार मिळतात असं आपण म्हणतो, त्यामागे एवढंच आहे.

ऑरगॅनिक पदार्थातल्या या घट्ट जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ही कल्पना याकोव्ह फ्रेंकेल या रशियन शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये मांडली. एक्सायटॉनमध्ये ऊर्जा आहे, पण एकूण भार शून्य आहे. त्यामुळे तो तारेतून वाहू शकत नाही. त्याचं आयुष्यही नॅनोसेकंदाच्या आतबाहेर. तेवढ्यात काही झालं नाही तर इलेक्ट्रॉन परत खाली येतो आणि ऊर्जा उजेड किंवा उष्णता होऊन जाते.

पण पुस्तकात दिलंय की पी-एन जंक्शनमधलं विद्युतक्षेत्र जोडी वेगळी करतं. ते चूक?

सिलिकॉनपुरतं बरोबर आहे. तिथे जोडी आधीच मोकळी झालेली असते; जंक्शन फक्त कोण कुठल्या बाजूला जाणार ते ठरवतं.

ऑरगॅनिक सेलमध्ये तेवढ्याने भागत नाही. १०० नॅनोमीटरच्या थरावर साधारण १ व्होल्ट आहे असं धरा. म्हणजे दर नॅनोमीटरला ०.०१ व्होल्ट. हे क्षेत्र जोडीला १ नॅनोमीटर ताणण्यासाठी ०.०१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची मदत करील, आणि गरज आहे ०.४ ची. हत्तीच्या तोंडात जिऱ्याचा दाणा. परीक्षेत पी-एन जंक्शनचं उत्तर लिहायचं तसंच लिहा, पण ऑरगॅनिक सेलला तेच चित्र लावू नका.

मग जोडी फोडतं कोण?

दुसरा पदार्थ. नुसता एकच रेणू घेऊन चांगला सेल होत नाही हे खूप वर्षं लोकांनी अनुभवलं होतं. १९८६ मध्ये कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या चिंग टँग यांनी दोन वेगवेगळे ऑरगॅनिक थर एकावर एक चढवले: एक कॉपर थॅलोसायनिनचा, दुसरा पेरिलीनच्या एका संयुगाचा. कार्यक्षमता सुमारे १ टक्का मिळाली. आज हा आकडा किरकोळ वाटतो, तेव्हा तो मोठा होता.

दोन पदार्थांपैकी एकाला डोनर म्हणतात, दुसऱ्याला ॲक्सेप्टर. ॲक्सेप्टरची ल्युमो डोनरच्या ल्युमोपेक्षा खाली असते. डोनरमध्ये तयार झालेला एक्सायटॉन दोघांच्या सीमेवर पोचला, की इलेक्ट्रॉनला शेजारच्या रेणूवर कमी ऊर्जेची जागा दिसते आणि तो तिकडे उतरतो. होल मागे डोनरवरच राहतं. पातळ्यांमधला हा उतार बंधनाची किंमत चुकवतो.

ॲक्सेप्टरनेही प्रकाश शोषला तर? तर उलट बाजूने तेच: इलेक्ट्रॉन जागेवर राहतो आणि होल डोनरकडे जातं. पुस्तकांतल्या चित्रांत हा मार्ग बहुतेक वेळा काढलेलाच नसतो. आजच्या चांगल्या सेलमध्ये मात्र करंटचा मोठा वाटा यातूनच येतो.

ही उडी किती लवकर होते? १९९२ मध्ये सारिचिफ्ची, हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पॉलिमरमधून सी-६० या फुलरीनच्या (कार्बनच्या चेंडूसारख्या) रेणूवर इलेक्ट्रॉन झपाट्याने जातो हे दाखवलं. पुढच्या मोजमापांत ही वेळ १०० फेम्टोसेकंदांच्या आत निघाली. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाचा दहा लाखावा भाग. एक्सायटॉनचं आयुष्य याच्या कितीतरी पट मोठं आहे, त्यामुळे सीमेवर पोचलेला एक्सायटॉन सहसा वाया जात नाही. वाया जातो तो न पोचलेला.

दोन थरांनी काम होत असेल तर दोन्ही पदार्थ एकत्र मिसळायची गरज काय?

न पोचणाऱ्यांसाठी. एक्सायटॉनला भार नाही, म्हणून तो ओढला जात नाही. एका रेणूवरून दुसऱ्यावर दिशाहीन भटकतो. मरण्याआधी त्याची मजल साधारण १० नॅनोमीटरपर्यंत. पण येणारा बराचसा प्रकाश शोषून घ्यायचा तर थर १०० नॅनोमीटरच्या आसपास हवा. दोन सपाट थर ठेवले, तर सीमेजवळच्या १० नॅनोमीटरमध्ये जन्मलेले एक्सायटॉनच कामाला येतात. थर पातळ केला तर प्रकाश आरपार जातो.

खानापूर तालुक्यात पश्चिमेकडे भाताची लहान लहान खाचरं आहेत. कुठल्याही खाचरात उभे राहा, चार पावलांत बांध लागतो. चिकोडीकडच्या उसाच्या मोठ्या पट्टीत मधोमध उभं राहिलं तर तसं नाही. डोनर आणि ॲक्सेप्टर एकाच द्रावणात मिसळून थर दिला, की सुकताना ते आपोआप अशा बारीक तुकड्यांत वेगळे होतात, आणि एक्सायटॉन कुठेही जन्मला तरी सीमा त्याच्या आवाक्यात येते. शिवाय बांधावरून चालत रस्त्याला लागता आलं पाहिजे. मध्येच तुटलेला बांध काय कामाचा? तसंच इथेही डोनरची वाट एका इलेक्ट्रोडपर्यंत आणि ॲक्सेप्टरची वाट दुसऱ्यापर्यंत सलग पोचावी लागते.

या रचनेला बल्क हेटरोजंक्शन म्हणतात. १९९५ मध्ये सांता बार्बरा इथल्या हीगर यांच्या गटाने आणि त्याच सुमारास केंब्रिजच्या गटाने ती मांडली. (हीगर यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ते वीजवाहक पॉलिमरसाठी होतं, सोलर सेलसाठी नव्हे. क्विझमध्ये इथे हमखास चुकतं.)

माझ्या मते या विषयातली खरी कारागिरी इथे आहे. कुठला द्रावक घेतला, तो किती वेगाने उडाला, थर नंतर किती तापवला, यावर तुकड्यांचा आकार ठरतो. तुकडे फार मोठे झाले तर एक्सायटॉन मध्येच मरतात, फार बारीक झाले तर मोकळे झालेले भार वाटेतच एकमेकांना भेटतात. तेच दोन पदार्थ, तेच प्रमाण, आणि नुसत्या सुकवण्याच्या पद्धतीमुळे कार्यक्षमता दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते.

इलेक्ट्रॉन ॲक्सेप्टरवर गेला म्हणजे भार मोकळा झाला ना?

अजून नाही. इलेक्ट्रॉन सीमेच्या अलीकडे, होल पलीकडे, पण दोघे शेजारीशेजारीच. या अवस्थेला चार्ज ट्रान्स्फर अवस्था म्हणतात. मघाचाच हिशेब परत करा: डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.५ असताना ओढीची ऊर्जा ०.०२६ पर्यंत उतरायला जवळपास १६ नॅनोमीटर अंतर लागतं. सिलिकॉनमध्ये ५ नॅनोमीटरही पुरतात. सीमेवरची जोडी १ नॅनोमीटरवर उभी, जायचंय १६ पर्यंत.

तरीही चांगल्या सेलमध्ये जवळजवळ प्रत्येक शोषलेल्या फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन बाहेर मिळतो. हे कसं जमतं, यावर बरीच वर्षं वाद झाला. एका बाजूचं म्हणणं असं की इलेक्ट्रॉनकडे उडीतून उरलेली जादा ऊर्जा असते आणि तो त्या जोरावर निसटतो. पण सर्वांत खालच्या, शांत झालेल्या चार्ज ट्रान्स्फर अवस्थेतून सुरुवात केली तरी तेवढेच भार मिळतात असं पुढे बऱ्याच मिश्रणांत दिसलं, आणि या म्हणण्याचा जोर ओसरला. मला पटतात ती कारणं वेगळी आहेत. एक तर इलेक्ट्रॉन एकाच रेणूवर नसतो. ॲक्सेप्टरचे रेणू नीट रचलेले असतील तर तो अनेक रेणूंवर पसरतो, म्हणजे सुरुवातीचं अंतरच वाढतं. दुसरं, जितकं दूर जावं तितक्या उभं राहायच्या जागा वाढत जातात. जवळची जागा एखादी, दूरच्या जागा शेकडो. योगायोगानेसुद्धा दूर जाण्याची शक्यता वाढते. फिजिक्सवाले याला एन्ट्रॉपी म्हणतात. शिवाय सीमेपासून आत शुद्ध तुकड्यात ऊर्जापातळ्या थोड्या अनुकूल असतात, त्यामुळे आत गेलेला भार परत फिरकत नाही.

जी जोडी फुटत नाही, ती तिथेच एकमेकांत मिटते. एकाच फोटॉनपासून जन्मलेल्या इलेक्ट्रॉन आणि होलचं हे पुनर्मीलन.

मोकळे झाल्यावर ते बरोबर आपापल्या इलेक्ट्रोडकडेच कसे जातात?

दोन्ही टोकांना निवडक दारं असतात. एका बाजूला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर, दुसऱ्या बाजूला चांदी किंवा ॲल्युमिनियम. मध्ये एकीकडे फक्त इलेक्ट्रॉनला जाऊ देणारा थर, उदाहरणार्थ झिंक ऑक्साइड, तर दुसरीकडे फक्त होलला जाऊ देणारा. भार रेणूरेणूवरून उड्या मारत जातात. चाल सिलिकॉनच्या मानाने फारच संथ. वाटेत दुसऱ्याच कुणाच्या जोडीतला होल भेटला तर तिथेही संपतात. थर फार जाड ठेवता येत नाही तो यामुळे.

एका सेलचं व्होल्टेज किती, आणि ते कशावर ठरतं?

डोनरची होमो आणि ॲक्सेप्टरची ल्युमो यांच्यातल्या अंतरावर. त्यातून थोडी तूट वजा होते. आजच्या सेलमध्ये ०.८ ते ०.९ व्होल्ट मिळतात. जोडी फोडायला पातळ्यांत मोठा उतार ठेवला तर भार सहज सुटतात पण व्होल्टेज पडतं, आणि उतार कमी ठेवला तर उलट. बरीच वर्षं संशोधक या कात्रीत होते.

वाय६ या रेणूचा एवढा गवगवा का?

त्याने ती कात्री बरीच सैल केली. २०१५ पर्यंत ॲक्सेप्टर म्हणजे फुलरीनच, अशी रीत होती. फुलरीन दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही आणि त्याच्या पातळ्या हव्या तशा बदलता येत नाहीत. मग चीनमध्ये चपटे, जोडलेल्या कड्यांचे ॲक्सेप्टर पुढे आले. २०१९ मध्ये यिंगपिंग झोऊ यांच्या गटाने वाय६ हा असाच ॲक्सेप्टर जाहीर केला. पीएम६ या पॉलिमरबरोबर त्याने १५.७ टक्के कार्यक्षमता दिली. वाय६ डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाशही शोषतो, त्याचे रेणू एकमेकांवर नीट रचले जातात, आणि पातळ्यांतला उतार अगदी थोडा असूनही भार सुटतात. त्याच्या कुळातल्या रेणूंनी प्रयोगशाळेतली कार्यक्षमता आता २० टक्क्यांच्या घरात नेली आहे. हे आकडे बोटाच्या नखाहूनही लहान सेलचे असतात. पत्र्याएवढ्या पॅनेलला ते लावू नका.

जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात ऊन दिसत नाही. तिथे चालतील?

ढगातून आलेल्या उजेडावरही भार तयार होतात, कारण एका फोटॉनला दुसऱ्याची गरज नसते. उजेड दशांशावर आला तर करंटही साधारण दशांशावर येतो. कमी उजेडात भार विरळ असल्यामुळे ते वाटेत एकमेकांना कमी भेटतात, एवढा फायदा. पण एकूण युनिट कमीच पडणार. ते कुठल्याही सोलरला चुकत नाही. तिकडे खरी भीती दमट हवेची.

टिकतात किती?

सिलिकॉनला २५ वर्षांची हमी मिळते. ऑरगॅनिक सेल त्याच्या जवळपासही नाहीत. ऑक्सिजन आणि बाष्प रेणूंच्या दुहेरी बंधांवर हल्ला करतात, अतिनील किरण त्यात भर घालतात, आणि उष्णतेने डोनर-ॲक्सेप्टरचे बारीक तुकडे हळूहळू एकत्र येऊन मोठे होतात. पदार्थ तोच राहतो, पण सीमा कमी होते आणि एक्सायटॉन पोचेनासे होतात. चांगलं आवरण घालून हे लांबवता येतं, पण आवरणाचा खर्च येतो.

घराच्या छपरावर आत्ता बसवू का?

नाही. सिलिकॉनच बसवा. त्याआधी हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल काढून बघा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत तुमचं बिल शून्य येत असेल तर घाई कशाला? ऑरगॅनिक सेलची जागा वेगळी आहे: एलईडीच्या उजेडात चालणारे लहान सेन्सर, वजन न पेलणारी छपरं, इमारतींच्या काचा. लालच्या पलीकडचा प्रकाश शोषून दृश्य प्रकाश खाली सोडणारी फिल्म पॉलिहाऊसवर घालता येईल, ही कल्पना मला आपल्या भागासाठी सगळ्यात आवडते.

कॉलेजच्या लॅबमध्ये असा सेल करून बघता येईल?

खरा ऑरगॅनिक सेल नाही. त्याला ऑक्सिजनविरहित पेटी, निर्वातात धातू चढवायचं यंत्र आणि घातक द्रावक लागतात. पण त्याचा जवळचा नातेवाईक जमतो: रंगद्रव्याचा सेल, जो ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये नावारूपाला आणला. वीजवाहक लेप असलेली काच घ्या, तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक भुकटीची पेस्ट पसरा, ४५० अंश सेल्सिअसला भाजा, गार झाल्यावर जांभळाच्या किंवा कोकमाच्या रसात बुडवून ठेवा. दुसऱ्या काचेवर पेन्सिलीचं ग्रॅफाइट घासा, मध्ये आयोडीनचं द्रावण सोडा, दोन्ही क्लिपांनी आवळा. उन्हात मल्टिमीटरवर व्होल्टचा तिसरा-चौथा हिस्सा दिसला तरी खूश व्हा. आयोडीनचे डाग निघत नाहीत, जुने कपडे घालून या.

इथे एक्सायटॉनला भटकावंच लागत नाही. रंगाचा एकेक रेणू भुकटीच्या कणाला चिकटलेला असतो, म्हणजे तो जन्मतो तोच सीमेवर, आणि इलेक्ट्रॉन सरळ कणात उतरतो. याची खातरजमा करायची असेल तर दुसऱ्या एका काचेवर टायटॅनियम डायऑक्साइड न लावता नुसता रस वाळवा आणि बाकी सगळं तसंच जोडा. काच जांभळी दिसेल, प्रकाश शोषला जाईल, पण मल्टिमीटरचा काटा जवळपास जागचा हलणार नाही.